‘असा नव्हता हो आमचा मुलगा’

महिला व बालविकास विभागात परिविक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या घरची चौकशी आणि त्यांच्यावर देखरेख करणारी अधिकारी म्हणून, नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता या पानावर तुमच्या पत्रांना उत्तरं देते. मारामाऱ्या, चोऱ्या, हाताबाहेर गेलेला राग यांवरची पत्रं या वेळी इतकी आली की बाकी विषय पुढच्या अंकावर ढकलले. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही चिंचवडजवळ राहतो. मुलगा अकरावीत, सोळा पूर्ण. गेल्या महिन्यात चौकात एका मुलाला चौघांनी मिळून मारलं, त्यात हाही होता. एकाच्या सॅकमध्ये कोयता सापडला. मार खाल्लेल्या पोराच्या डोक्याला टाके पडले. बाल न्याय मंडळाने जामीन दिलाय, तारखा चालू आहेत. असा नव्हता हो आमचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या कंपनीने माणसं कमी केली, तेव्हापासून हे रात्रपाळीला सिक्युरिटीत आहेत. फ्लॅटचे हप्ते झेपेनात म्हणून विकला, भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. मधे क्लासची फी थकली तर सरांनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण ते नंतर मिटलं. हे म्हणतात संगतीने बिघडला. सासूबाई म्हणतात माझ्या लाडाने. त्याला पोलीस भरतीला जायचं होतं. ते आता संपलंच का?

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. फी थकली म्हणून बाकावर बसवलं, ‘पण ते नंतर मिटलं’. कुणाचं मिटलं? तुम्ही पैसे भरलेत, सरांनी पावती फाडली, मोठ्यांचा हिशेब संपला. तो मात्र वर्गात जाणाऱ्या-येणाऱ्या पोरापोरींच्या नजरा झेलत तिथे बसला होता, आणि फी भरणं काही त्याच्या हातात नव्हतं. या गोष्टीवर घरात त्याच्याशी कुणी बोललं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

तुम्ही मारामारीबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि उरलेलं सगळं जाता जाता सांगितलंत. माझ्या दृष्टीने ते जाता जाता सांगितलेलंच खरं प्रकरण आहे.

अमेरिकेत एमरी विद्यापीठात रॉबर्ट ॲग्न्यू नावाचे समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९९२ मध्ये मुलांच्या गुन्ह्यांमागच्या ताणाची एक मांडणी केली. त्याआधी रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये म्हटलं होतं की समाज सगळ्यांना पैशाची स्वप्नं दाखवतो आणि वाटा मात्र थोड्यांनाच देतो, त्यातून माणूस आडवाटेला लागतो. ॲग्न्यूंना ते अपुरं वाटलं. पोरांचं दुखणं काही नुसतं पैशाचं नसतं. त्यांनी ताणाचे तीन प्रकार सांगितले. हवं ते न मिळणं, जवळ होतं ते जाणं, आणि नको ते वाट्याला येणं. तुमच्या घरात दोन वर्षांत तिन्ही आले. स्वतःचं घर गेलं, बिल्डिंगमधले मित्र गेले, संध्याकाळी घरी असणारे वडील गेले (आता ते दिवसा झोपतात, बरोबर ना?), आणि वर तो बाक.

ताण आला म्हणजे पोरगं थेट दगड उचलत नाही. मधे राग असतो. दुःखी मूल कोपऱ्यात बसतं, घाबरलेलं लपतं. राग आलेल्या मुलाला आपल्यावर अन्याय झालाय याची खात्री असते, आणि कुणीतरी त्याची भरपाई करायला हवी असं वाटत असतं. ज्याने अन्याय केला तो सापडत नाही. कंपनीचा मॅनेजर कुठे सापडणार? सरांना बोलायची सोय नाही. वडिलांवर ओरडावं तर ते आधीच खचलेले. मग जो समोर येतो त्याच्यावर निघतं. तुमच्या मुलाने ज्याला मारलं त्याच्याशी त्याचं जुनं वैर होतं का हे विचारून बघा. ‘तो माझ्याकडे बघून हसला’ एवढंच उत्तर आलं तर नवल वाटून घेऊ नका. चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहातल्या मुलांकडून मी हे उत्तर कायम ऐकत आले.

आता संगत. तुमच्या ह्यांचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. चिडलेल्या पोराला टोळीत काय मिळतं ते बघा. बाकावर बसवलेल्या मुलाला तिथे कुणीतरी ‘भाऊ’ म्हणतं. रात्री बारा वाजता भर रस्त्यात गाडीच्या बोनेटवर केक ठेवून तो कोयत्याने कापायचा, त्याचा रील टाकायचा, खाली लाल हृदयं मोजायची. पुण्यात आणि तुमच्याकडे अशा वाढदिवसांवर पोलिसांनी कितीतरी गुन्हे नोंदवलेत, तरी थांबत नाही, कारण घरात आणि शाळेत गेलेला मान तिथे परत मिळतो. वर हत्यार हाती लागलं की जो राग ढकलाढकलीत संपला असता तो टाक्यांवर जातो. या वयात मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पुरता तयार झालेला नसतो, तो पंचविशीच्या आसपास होतो. अंगावर धावून जायची यंत्रणा मात्र तेव्हाच जोरात असते. त्यात बघणारे मित्र असले की मग विचारूच नका.

या चौघांच्या मागे कुणी मोठा होता का, हे मात्र शोधा. अल्पवयीनाला शिक्षा कमी होते हे हिशेबात धरून त्यांना पुढे करणारे लोक असतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात कलम ८३ खाली मुलांचा असा वापर करणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. असा कुणी असेल तर वकिलामार्फत मंडळाला सांगा. भीती वाटते हे मला माहीत आहे. तरी सांगा.

परिविक्षा अधिकारी तुमच्या घरी येऊन गेले असतील किंवा येतील. त्यांना सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला द्यायचा असतो. आम्ही जायचो तेव्हा घर आवरलेलं असायचं, चहा यायचा, आणि सगळे एका सुरात सांगायचे, ‘घरात तसं काही टेन्शन नाही, मॅडम’. अहवालाच्या नमुन्यात गुन्ह्याच्या कारणाचा रकाना आहे. त्यात पालकांचं दुर्लक्ष, अति लाड, मित्रांचा प्रभाव असे पर्याय छापलेले आहेत. टेन्शन नाही म्हटल्यावर अधिकारी ‘मित्रांचा प्रभाव’वर खूण करून मोकळे होतात. तुम्ही तसं होऊ देऊ नका. नोकरी, फ्लॅट, क्लासचा बाक, सगळं तारखांसकट सांगा. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. आदेश काय द्यायचा हे ठरवताना ते हाच कागद वाचतात. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षेवर (देखरेखीखाली घरी) सोडणं इथपासून विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं, इथपर्यंत काहीही होऊ शकतं.

सासूबाईंचं म्हणाल तर लाडाचा मुद्दा मी बाजूला ठेवीन. पण मुलाला सोडून देऊ नका. त्याने एका पोराचं डोकं फोडलंय. राग खरा होता म्हणून मारणं माफ होत नाही, आणि हे त्याला घरातल्यांकडून कळायला हवं. वकिलाला विचारून, समोरच्या घरची तयारी असेल तर, औषधपाण्याचा खर्च द्या, आणि त्यातला काही भाग त्याला सुट्टीत काम करून फेडू द्या. वडिलांनी एक करावं. पाळीवरून आल्यावर झोपण्याआधी त्याच्याबरोबर नाश्ता करावा आणि स्वतःची नोकरी गेली तेव्हा स्वतःला काय वाटलं ते सांगावं. उपदेश नको. बापालाही राग आला होता एवढं त्याला कळलं तर पुष्कळ झालं.

पोलीस भरती. कलम २४ प्रमाणे बाल न्याय अधिनियमाखाली हाताळल्या गेलेल्या मुलाला त्या गुन्ह्यामुळे पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही. अपवाद आहे तो सोळा पूर्ण झालेल्या मुलांचा. गुन्हा निर्घृण असेल, मंडळाने प्राथमिक मूल्यमापन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे प्रौढासारखा खटला चालून तो दोषी ठरला, तर हे संरक्षण जातं. निर्घृण म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा गुन्हा. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, तरी कागदावर नेमकी कोणती कलमं लावलीत ते वकिलाकडून वाचून घ्या. स्वप्न संपलं असं त्याच्यापुढे कुणालाही म्हणू देऊ नका.

प्रश्न : तुमचं सदर नियमित वाचतो. ताण, ताण आणि ताण! आम्ही अनवाणी शाळेत गेलो, अर्धपोटी शिकलो, कुणावर कोयता उगारला नाही. गरिबीचं हे कौतुक पुरे झालं. आणि कल्याणीनगरच्या प्रकरणात कसला ताण होता? तिथे तर तीनशे शब्दांच्या निबंधावर सुटका! – एक निवृत्त वाचक, सातारा

काका, तुमचा पहिला मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. ताणात वाढलेली बहुतेक मुलं कधीच गुन्हा करत नाहीत. ॲग्न्यूही तेच सांगतात, आणि म्हणून त्यांनी पुढे कोणता ताण धोक्याचा ते जास्त बारकाईने मांडलं. जो अन्यायाचा वाटतो, मोठा असतो, ज्याच्याबरोबर घर-शाळेची मुलावरची पकड सैल झालेली असते, आणि ज्याच्या शेजारीच आडवाट दिसत असते, तो. आता तुमच्या अनवाणी शाळेकडे बघू. तुमच्या वर्गात किती जणांच्या पायात चपला होत्या? सगळेच अनवाणी असले की पाय भाजतात, अपमान होत नाही. आजचं पोरगं भाड्याच्या खोलीत झोपतं आणि रात्रभर मोबाईलवर वर्गमित्रांच्या गोव्याच्या ट्रिपा बघतं. शिवाय तुमच्या वेळी वाड्यात एखादी काकू, तालमीत एखादा वस्ताद, कुणीतरी कान धरणारं आणि त्याच हाताने पाठ थोपटणारं असायचं. ते असलं की ताण पचतो.

अशी मुलं अनाथ, रस्त्यावरची असतात असा आणखी एक समज आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल काढून बघा. पकडलेल्या मुलांतली बहुसंख्य मुलं आईवडिलांबरोबर राहणारी असतात, वर्षानुवर्षं.

आणि मुली? त्यांच्या घरात ताण कमी असतो का? लिसा ब्रॉयडी आणि ॲग्न्यू यांनी १९९७ मध्ये याच प्रश्नावर लिहिलं. राग मुलींनाही येतो, पण त्यात अपराधीपणा आणि भीती मिसळलेली असते. त्यामुळे तो बाहेर न फुटता आत वळतो. जेवण सोडणं, हातावर ब्लेडने ओरखडे, कुणाबरोबर तरी घर सोडून जाणं. पोलीस ठाण्याच्या नोंदीत हे मुलीचा गुन्हा म्हणून येत नाही, म्हणून आपण मुली शहाण्या असतात असं म्हणून मोकळे होतो.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला आलिशान गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप आहे, आणि मंडळाने त्याला आधी निबंध लिहायच्या अटीवर जामीन दिला. ते प्रकरण माझ्यापुढे आलेलं नाही, त्या मुलाच्या मनाबद्दल मी बोलणार नाही. पण ताणाने सगळेच गुन्हे उलगडतात असा दावा मी करत नाही. काही घरांत मुलाने ‘नाही’ हा शब्दच ऐकलेला नसतो, आणि तो वेगळाच आजार आहे. निबंधाचा संताप मलाही आला. मात्र लोक त्या निबंधावर हसले त्यात एक नुकसान झालं. सुधारणेचे सगळेच आदेश म्हणजे निबंध, असं लोकांना वाटू लागलं. परिविक्षेवरचं पोरगं वर्षभर ठरल्या दिवशी हजेरी लावतं, समुपदेशकापुढे बसतं, शाळेचा दाखला आणतं, आणि कुणाबरोबर फिरतोस याचं उत्तर देतं. करून बघा म्हणावं कुणाला.

प्रश्न : मी इचलकरंजीत माध्यमिक शाळेत वर्गशिक्षिका आहे. नववीतल्या एका मुलाने आधी बाकं फोडली, मग माझ्या गाडीचे आरसे, आणि आता स्टाफरूममधून एका सरांचा मोबाईल गेला तो याच्या दप्तरात सापडला. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी कांड्या भरते. व्यवस्थापन म्हणतं दाखला हातात द्या. मला ते पटत नाही, पण वर्गातली बाकीची मुलंही आहेत.

दाखला देऊ नका. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मूल काढता येत नाही. नववीत ती भिंत संपते आणि नेमक्या त्याच वर्षी बीजगणितापासून दहावीच्या धाकापर्यंत सगळं एकदम अंगावर येतं. दाखला दिलात की दुसऱ्या दिवशी तो कुठे असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कारखान्याबाहेरच्या टपरीवर, त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या पोरांत.

आधी तारखा काढा. बाकं कधी फुटली, आरसे कधी, मोबाईल कधी, आणि त्या प्रत्येकाच्या आदल्या चार-आठ दिवसांत काय झालं होतं. चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचले होते का? आरसे तुमचेच का फोडले? ज्या शिक्षिकेकडून काही अपेक्षा असते तिच्यावरच पोरं जास्त चिडतात, हे ऐकायला विचित्र वाटेल. मग एकदा घरी जा, पण वडिलांची पाळी बघून जा. बारा तासांची रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, आणि एका खोलीच्या घरात तोवर कुणी मोठ्याने बोलायचं नसतं. खेळायचं नाही, वाचून दाखवायचं नाही, भांडायचंसुद्धा नाही. तो आवाज मग शाळेत येऊन निघतो.

मोबाईलचं शाळेतच मिटवता येईल. समजा पोलिसांकडे गेलंच, तरी निर्घृण गुन्हा नसेल आणि बरोबर प्रौढ नसेल तर नियमाप्रमाणे मुलावर गुन्हा दाखल होत नाही, ठाण्यातल्या दैनंदिनीत नोंद होते. हे व्यवस्थापनाच्या कानावर घाला, कारण ‘पोलिसांत देतो’ ही धमकी संस्थाचालकांना फार आवडते. त्याऐवजी त्याला बाकं दुरुस्त करायला लावा. शाळेच्या सुतारकाम करणाऱ्या शिपाईमामांबरोबर, शाळा सुटल्यावर, वर्गाच्या देखत नव्हे. शिक्षा आहे, पण हातात हातोडी देऊन केलेली आहे, आणि बरोबर एक मोठा माणूस आहे जो त्याला दुसऱ्या पोरांपुढे फाडून खात नाही. बाकीच्या मुलांचं म्हणाल तर बाकं दुरुस्त झालेली ती बघतीलच. छडी अर्थातच नाही. ती कायद्यात बसत नाही हे तर आहेच, पण चिडलेल्या पोराला मारणं म्हणजे त्याला हवा असलेला पुरावा देणं, की बघा, जग असंच आहे.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे, जळगाव. बारावीत. बाबा दारू पिऊन आईला मारतात. परवा मी त्यांच्यावर बॅट उगारली, आईने हात धरला म्हणून थांबलो. रात्री मित्रांबरोबर बाहेर गेलो की बरं वाटतं. ते म्हणतात, सांग, आपण बघून घेऊ तुझ्या बापाला. मला भीती वाटते मीच काहीतरी करून बसेन. भुसावळला मामा आहे, पण त्याला हे माहीत नाही.

बाळा, तुला आलेला राग चुकीचा नाही. आईला मार खाताना बघून ज्याला राग येत नाही त्याचीच काळजी करायला हवी. आणि तू लिहिलंस, म्हणजे तुझ्यातला थांबणारा माणूस जागा आहे.

आज एवढं कर. बॅट घरातून काढ. ज्या मित्राचा या सगळ्याशी संबंध नाही त्याच्याकडे ठेव, खेळायला लागेल तेव्हा घे. बाबा पिऊन आले की त्यांच्याशी बोलायचं नाही, समजवायचं नाही, आईला घेऊन शेजारी जायचं. कुठल्या घरी जायचं ते शेजाऱ्यांशी आधीच ठरवून ठेव. मारहाण सुरू झालीच तर ११२ लाव. आईसाठी महिलांची हेल्पलाइन १८१ आहे, तुझ्यासाठी १०९८. तू अजून अठराचा नाहीस, ती तुझीच आहे. डोकं फुटतंय असं वाटलं तर १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचे समुपदेशक बोलतात, पैसे पडत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तुमच्या भागात संरक्षण अधिकारी असतात. आईला त्यांच्याकडे तक्रार करून संरक्षणाचा आदेश मागता येतो. त्यासाठी तिला घर सोडावं लागत नाही. हे तिला सांग, पण जायचं की नाही ते तिला ठरवू दे.

‘बघून घेऊ’ म्हणणाऱ्यांना नको म्हण. त्यांनी केलं तरी त्यात नाव तुझंच येईल, आणि त्यानंतर ते तुझ्याकडे काय मागतील याचा विचार कर. रात्री बाहेर बरं वाटतं ते मला कळतं. संध्याकाळी ग्राउंडवर, अभ्यासिकेत, कुठेही बैस, पण त्या गटाबरोबर नको.

मामाला फोन कर. ‘बाबा आईला मारतात, मी बॅट उगारली होती, तू ये’ एवढी तीन वाक्यं पुरेत. तो रागाने येऊन भांडला तर प्रकरण वाढेल, म्हणून आधी त्याला एकट्याला बाहेर भेट आणि वरचे नंबर त्याला दे. आणि मला पुन्हा लिही. उत्तर टपालाने हवं असेल तर पत्ता मामाचा दे, घरचा नको.